डोसिंग पंप चालू, तरी केएच घसरतोय: दुखणं कुठे शोधायचं आणि नवा पंप घेताना काय तपासायचं

घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल (प्रवाळ) वाढवणाऱ्या रीफ टँकवाल्यांची ही तक्रार ठरलेली. सोड्याचं आणि कॅल्शियमचं द्रावण थोडं थोडं टँकमध्ये सोडणारा डोसिंग पंप ठरल्या वेळी घुरघुरतो, ॲपमध्ये रोज १२० मिली गेल्याची नोंद दिसते, बाटलीतली पातळीही खाली जाते. तरी तीन आठवड्यांनी केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, एकक डीकेएच) मोजावा तर ८.५ चा ७ वर आलेला. मग केएच वाढवायला हाताने सोडा टाकायचा, पंपाचा डोस थोडा वाढवायचा आणि पुढच्या महिन्यात आकडा ९.५ दिसला की पुन्हा कमी करायचा. या झोपाळ्याने कोरल वैतागतात. अक्रोपोरासारख्या नाजूक जातींना केएच सात आहे की नऊ, यापेक्षा तो आठवड्याआठवड्याला हलतोय, याचाच त्रास जास्त होतो.

शेवटी वैतागून माणूस नवा पंप शोधायला लागतो आणि हमखास चुकीच्या गोष्टी बघतो: हेड (द्रव ढकलणारे भाग, द्रावणामागे एक) किती, ॲप कसं दिसतं, स्क्रीन रंगीत आहे का. ॲपमधले ते १२० मिली कोणीही मोजलेले नसतात, हे आधी लक्षात घ्या. बहुतेक डोसिंग पंपांत द्रव मोजणारा भाग नसतोच. पंप आपण किती सेकंद चाललो किंवा किती फेरे फिरलो एवढंच मोजतो आणि कॅलिब्रेशनच्या वेळी, म्हणजे पंप खरोखर किती मिली देतो ते मोजून, तुम्ही दिलेल्या आकड्याने गुणतो. नळी चोंदली, हवा आली, बाटली रिकामी झाली तरी नोंद १२० मिलीचीच राहते.

म्हणून आधी पंप दोषी आहे की नाही ते ठरवा. सोड्याच्या बाटलीवर वरून खाली मास्किंग टेपची पट्टी लावा. मेजरिंग सिलिंडरने शंभर-शंभर मिली पाणी ओतत पट्टीवर रेघा मारा. मग द्रावण भरा, पातळी आणि तारीख लिहा आणि पाच दिवस हात लावू नका. रोजचा डोस १२० मिली असेल तर ६०० मिली जायला हवेत. ५९० किंवा ६१० गेले तर पंप ठीक आहे, खोट दुसरीकडे आहे. ५२० गेले तर पंप घाटा करतोय. इतकं साधं काम आहे, पण महागडे टेस्ट किट घरात असलेल्यांपैकी फार थोडे जण ते करतात.

पंप बरोबर आणि तरी केएच खाली

मग पहिला संशय द्रावणावर. खायचा सोडा थंड पाण्यात कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९६ ग्रॅम, १० अंशांना जेमतेम ८० ग्रॅम. उन्हाळ्यात कोणी लिटरला ९० ग्रॅमचं द्रावण करतो आणि डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पाषाण-शिवाजीनगरचं किमान तापमान दहा-अकरावर आलं की तोच सोडा बाटलीच्या तळाशी खडे होऊन बसतो. पंप पूर्ण १२० मिली देतो, पण त्यात सोडाच कमी. वर ते खडे नळीच्या तोंडाशी अडकतात ते वेगळंच. मी लिटरला ७५ ग्रॅमच्या वर जात नाही, मग बारा महिने घोर नाही. ओव्हनमध्ये भाजून केलेला किंवा विकतचा सोडा ॲश वापरत असाल तर तो जास्त विरघळतो, पण त्याने पीएचही चढतो. म्हणून तो रात्री, संपमधून (टँकखालच्या टाकीतून) पाणी वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या जोरदार प्रवाहात सोडावा.

कॅल्शियमच्या बाजूला खलनायक पावसाळा. कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल अधाशासारखी ओढतं. जुलैत पाकीट नुसतं रबर लावून ठेवलं तर आतले दाणे आधी चिकट होतात, मग पाण्यात बसतात. तेच काट्यावर ५०० ग्रॅम भरतं, पण त्यातलं बरंचसं वजन पाण्याचं असतं. नवं पाकीट उघडलं की लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा किंवा एकदमच सगळ्याचं द्रावण करून ठेवा.

एक हिशेब इथे उपयोगी पडतो. कोरल सांगाडा बांधताना २.८ डीकेएचमागे साधारण २० पीपीएम कॅल्शियम वापरतात. म्हणजे केएच एकाने उतरला तर कॅल्शियम सातच पीपीएमने उतरतं. एवढा फरक घरगुती किटला ओळखू येत नाही. त्यामुळे डोस चुकतोय हे आधी केएच सांगतो, कॅल्शियम फार उशिरा. कॅल्शियम ४३० आहे म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. मॅग्नेशियम तर इतकं हळू उतरतं की त्यासाठी पंपाचं वेगळं हेड विकत घ्यायची मला कधी गरज वाटली नाही. महिन्यातून एकदा मोजून हाताने घातलं तरी भागतं.

मोजायची वेळही एकच ठेवा. सकाळी लाइट लागण्याआधीचा आणि रात्रीचा केएच यांत फरक पडतो आणि त्याला लोक पंपाचा दोष समजतात. हीटरवर पांढरा कडक थर दिसत असेल तर सोडा आणि कॅल्शियम कोरलपर्यंत न पोचता तिथेच बसतंय. दोन्ही डोस एकाच जागी किंवा पाठोपाठ पडत असल्याची ती खूण. दोन नळ्या संपच्या दोन टोकांना न्या आणि दोन डोसांत अर्धा तास तरी जाऊ द्या.

पंपच कमी देतोय

आता ५२० मिलीवाली मंडळी. पेरिस्टाल्टिक पंपाचं हेड म्हणजे उसाचा चरक. रोलर लवचिक नळीला दाबत पुढे सरकतात आणि दाबाच्या पुढचा द्रव पुढे ढकलला जातो. मोटार वगैरे ठीक, पण झिजते ती ही दाबली जाणारी नळी. ती चपटी झाली की प्रत्येक फेऱ्यात थोडा कमी द्रव जातो आणि पंप थांबल्यावर रोलरचा चिमटा ढिला पडून नळीतला द्रव मागे बाटलीत उतरतो.

हे डोळ्यांनी दिसतं. डोस होऊन तासभर झाल्यावर बाहेर जाणाऱ्या पारदर्शक नळीकडे टॉर्च मारून बघा. टोकापर्यंत द्रव भरलेला असेल तर उत्तम. टोकापासून वीतभर हवा असेल तर पुढच्या डोसाचे पहिले काही मिली ती पोकळी भरण्यातच जाणार. दर तासाला पाच मिलीचा डोस आणि त्यातला एक मिली असा वाया. हेडचं झाकण काढून नळी बाहेर घ्या आणि बोटांत फिरवा. एका बाजूने रिबिनीसारखी सपाट लागली की बदलाच. आत पांढरी पूड दिसली तर ती झिजलेली नळी असते किंवा झिरपून वाळलेलं द्रावण. दोन्हींचा अर्थ तोच.

नळी बदलण्याआधी दोन्ही टोकं मात्र तपासा, कारण निम्म्या वेळा भानगड तिथेच असते. सोड्याच्या नळीचं टोक संपच्या पाण्याला लागलं की आतमध्ये कॅल्शियम कार्बोनेटची बुचं तयार होतात. टोक पाण्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर लटकवा. बुच झालंच असेल तर तो तुकडा कापून टाका किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. ओढणारं टोक बाटलीच्या अगदी तळाला टेकवू नका, गाळ ओढला जातो. जोडावर पांढरी मिठाची फुलं आली असतील तर तिथून हवा घुसतेय. चुन्याची निवळी डोस करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. वरची स्वच्छ निवळीच ओढली गेली पाहिजे. तळाचा दुधट चुना हेडमध्ये गेला की नळी काही आठवड्यांत चोंदते.

नळीसाठी मेडिकलच्या दुकानातला सलाइन सेट आणायची युक्ती बरेच जण सांगतात. बाहेरच्या जोडणीला ती एक वेळ चालेल, पण हेडमध्ये बिलकुल नको. हेडची नळी आतल्या-बाहेरच्या व्यासाला आणि जाडीला नेमकी बसावी लागते. भिंत जरा पातळ पडली की रोलर ती पूर्ण दाबत नाही, जरा जाड पडली की मोटार कण्हते. सिलिकॉनची नळी मऊ आणि स्वस्त, पण लवकर झिजते. बीपीटी किंवा फार्मेड जातीची नळी महाग पडते आणि कितीतरी जास्त टिकते.

यानंतर एक चाचणी. मला विचाराल तर सगळ्यांत मोलाची. लोक कॅलिब्रेशन करतात ते १०० मिली एका दमात काढून. वापरतात मात्र पाच-पाच मिलीचे चोवीस डोस. मिनिटाला ४५ मिली देणारा साधा डीसी मोटारीचा पंप पाच मिली जेमतेम सात सेकंदांत देतो. सुरू होताना, थांबताना अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला की सात टक्के गेले. दोन मिलीचा डोस असेल तर तोच अर्धा सेकंद जवळजवळ वीस टक्क्यांवर जातो. सलग १०० मिली काढताना ही चूक दिसतच नाही. म्हणून नळीचं टोक सिलिंडरमध्ये सोडा, पाच मिलीचा डोस वीस वेळा द्या, मध्ये मिनिटभर थांबत. १०० च्या जागी ९१ भरले तर कॅलिब्रेशनचा आकडा त्यावरून दुरुस्त करा. पाणी नको, खरं द्रावणच वापरा. नळ्याही टँकला असतात त्याच लांबीच्या आणि त्याच उंचीवर असू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस डोस काढा. पुन्हा ९१ आले तर पंप प्रामाणिक आहे, फक्त आकडा चुकीचा होता. पहिल्या दिवशी ९१ आणि दुसऱ्या दिवशी ९९ आले, तर कितीही कॅलिब्रेशन करा, तो पंप बदलण्याच्या लायकीचा आहे.

गुरुवारची लाइट

आपल्याकडचा खास आजार वेगळाच आहे. देखभालीच्या कामासाठी गुरुवारी वीज बंद ठेवायची पुण्यात जुनी पद्धत. आज हा भाग, पुढच्या वेळी तो. त्यात पावसाळ्यात झाड पडलं, केबल भिजली, की दोन-दोन तास जातातच. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे असतात, टँकच्या कॅबिनेटचा पॉइंट क्वचितच असतो.

दोनशे लिटर पाण्याचा हिशेब मांडू. त्यात केएच एकाने वाढवायला साधारण सहा ग्रॅम खायचा सोडा लागतो, म्हणजे ७५ ग्रॅमच्या द्रावणाचे ८० मिली. टँक रोज दीड डीकेएच खात असेल तर १२० मिली, तासाला पाच. लाइट सहा तास गेली की ३० मिली चुकले, म्हणजे जवळजवळ ०.४ डीकेएच. असं तीन आठवडे लागोपाठ झालं की एकाहून जास्त डीकेएच गेला आणि पंप मात्र शंभर टक्के निर्दोष. दर महिन्याला घसरणारा आणि कॅलिब्रेशन करूनही न सुधारणारा केएच दिसला, तर आधी त्या महिन्यात लाइट कधी कधी गेली ते आठवा.

लाइट आल्यावर पंप काय करतो, हा पुढचा प्रश्न. काही स्वस्त कंट्रोलर घड्याळ पुन्हा बारापासून सुरू करतात. मग रात्रीचा सोड्याचा डोस भर दुपारी पडतो. दोन हेडची वेळापत्रकं वेगवेगळ्या कंट्रोलरवर असतील तर सोडा आणि कॅल्शियम एकमेकांच्या अंगावर येतात. काही ॲपवाले पंप इंटरनेट येईपर्यंत गप्प बसतात, कारण वेळापत्रक पंपात नसून कुठल्यातरी सर्व्हरवर असतं. आणि काही शहाणे चुकलेले सगळे डोस एकदम भरून काढतात. तिन्हींपैकी शेवटचा मला सर्वांत धोक्याचा वाटतो. चुकलेला डोस सोडून देणारा आणि घड्याळाला स्वतःचा सेल असलेला पंप बरा. चुकलेलं आपण हाताने भरू.

राउटरचा छोटा यूपीएस पंपाला लावायचा मोह होतो. व्होल्टेज जुळत असेल तर पंप चालेलही, १२ आणि २४ मध्ये गल्लत नको एवढंच. पण रिटर्न पंप बंद असताना साचलेल्या संपमध्ये सोडा पडत राहिला तर तो तिथेच दाट होऊन पांढरा धूर काढतो. यूपीएस लावायचा तर रिटर्नसह सगळ्याला लावा, नाहीतर डोसिंगलाही लावू नका.

नवा घेताना

दुकानदाराला किंवा विकणाऱ्याला मी आधी किंमत विचारत नाही. हेडची नळी सुटी मिळते का, कोणत्या मापाची आणि आज स्टॉकमध्ये आहे का, हे विचारतो. पुण्यात मरीनचं सामान ठेवणारी दुकानं मोजकी, सुटे भाग बहुतेक वेळा मुंबईहून किंवा कुरियरने येतात. ज्या पंपाची नळी महिनाभर मिळत नाही तो कितीही नावाजलेला असो, महिनाभर बंदच असतो. पंपाबरोबरच प्रत्येक हेडला दोन नळ्या जास्तीच्या घ्या.

मग मोटार. साध्या डीसी मोटारीचा वेग व्होल्टेजवर आणि नळीच्या ताठपणावर बदलतो. जुना अडॅप्टर थकला की पंपही मंदावतो. अडॅप्टर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत लगेच मिळेल, पण व्होल्टेज आणि अँपिअर दोन्ही वाचून घ्या. स्टेपर मोटार पल्समागे ठरावीक कोनातच फिरते, म्हणून छोट्या डोसांना ती खूपच भरवशाची. रोजचा डोस ३० मिलीच्या आत असेल किंवा एकेक-दोन-दोन मिली टाकायचे असतील, तर स्टेपरसाठी जास्त पैसे मोजावेत असं माझं मत. रोजचे शंभर-दीडशे मिली असतील तर चांगल्या नळीचा डीसी पंपही वर्षानुवर्षं काम देतो, फक्त वीस डोसांची चाचणी दोन-तीन महिन्यांनी करायची. स्टेपरसुद्धा देव नाही. नळी चोंदून मोटार अडकली तर पावलं चुकतात आणि नोंद मात्र पूर्ण दिसते.

अमेरिकेहून कोणी येताना तिथला सिंक्रोनस मोटारीचा (जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो) साधा पंप आणतो म्हणाला तर जपून. तो १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. कन्व्हर्टर लावून व्होल्टेज जुळवलं तरी आपल्या ५० हर्ट्झवर तो सहापैकी पाचच फेरे घेणार. चालवायचाच तर इथे नव्याने कॅलिब्रेट करून.

वेगाकडे कोणी बघत नाही. पंप कधीतरी चालू अवस्थेत अडकतो. रिले चिकटतो, इलेक्ट्रॉनिक स्विच शॉर्ट होतो. मिनिटाला एक मिली देणारा पंप तासभर अडकला तर ६० मिली जातात, वरच्या हिशेबात पाऊण डीकेएच. ४५ मिलीवाला अडकला तर अर्ध्या तासात सव्वा लिटरहून जास्त गेलं, म्हणजे टँक संपला. म्हणून गरजेपेक्षा वेगवान पंप म्हणजे जास्त ताकदीचा पंप, असं समजू नका. जास्तीत जास्त रोजची मर्यादा पंपातच घालता येत असेल तर घालाच, पण स्विच शॉर्ट झाल्यावर ती कामाची नाही हेही ध्यानात ठेवा. खरी मर्यादा बाटलीची. दोन लिटरची बाटली भरून सोळा दिवस निर्धास्त राहायचा विचार सुखाचा वाटतो, पण ती एका रात्रीत ओतली गेली तर केएच पंचविसाने चढायला निघतो. अर्ध्या लिटरची बाटली चार दिवस पुरते आणि पूर्ण सांडली तरी साधारण सहाच. कोरल दुखावतील, पण बरेचसे वाचतील. गावाला जाताना मोठी बाटली, एरवी छोटी, असा माझा पायंडा आहे. गावाला जाण्याच्या आदल्या दिवशी नळी किंवा कॅलिब्रेशन बदलायचं नाही, हाही.

बाटलीची जागा ठरवताना सायफन आठवा. बाटलीतली पातळी नळीच्या बाहेरच्या टोकापेक्षा वर असेल आणि हेडची नळी ढिली झाली असेल, तर पंप बंद असतानाही सगळा द्रव संपमध्ये उतरतो. बाटली कॅबिनेटच्या तळाशी, टोक संपच्या कडेवर, पंप या दोन्हींच्या वर. पंप थेट संपच्या डोक्यावर मात्र नको. खाऱ्या वाफेने त्याच्या पिना हिरव्या पडतात. वायर आधी खाली लोंबून मग सॉकेटकडे वर जाऊ द्या, म्हणजे नळी फुटलीच तर थेंब सॉकेटपर्यंत पोचणार नाही.

ब्रँडवरून वाद घालायला मला हौस नाही. जेबाओ, कॅमोअरपासून रेड सी, जीएचएल, नेपच्यूनपर्यंत खिशाला झेपेल ते घ्या, पण परत करायची मुदत संपायच्या आत घरी तीन गोष्टी करून बघा. वीस डोसांची चाचणी दोन वेगवेगळ्या दिवशी. राउटर रात्रभर बंद ठेवून सकाळी पट्टीवरची पातळी. आणि ऐन डोसाच्या मध्यावर प्लग खेचून दहा मिनिटांनी परत लावणं. प्लग लावल्यावर तो अर्धवट डोस पुन्हा पहिल्यापासून देतो का, की घड्याळच विसरतो, ते समोर उभं राहून बघा. तोवर नळी टँकमध्ये न सोडता सिलिंडरमध्येच असू द्या.

आणि नवा पंप लागेपर्यंत केएच ६.५ वर आला असेल तर तो एका दिवसात ८.५ करू नका. दिवसाला एकच्या आत, तोही दोन-तीन वेळा वाटून. दोनशे लिटरला रोज जास्तीचे ६० मिली धरले तर तीन दिवसांत तुम्ही जागेवर याल. चौथ्या दिवशी नेहमीच्या वेळेला मोजून मगच पंपाचा रोजचा डोस पक्का करा.